बाण आधी, नाव नंतर

वाचक विचारतात : लिंक्ड लिस्ट आणि स्टॅक, पायथनमध्ये

या वेळच्या टपालात लिंक्ड लिस्ट आणि स्टॅकचीच गर्दी आहे. लिंक्ड लिस्ट म्हणजे घटकांची साखळी, जिच्यातला प्रत्येक घटक, म्हणजे नोड, पुढच्याकडे बाण दाखवतो. स्टॅक म्हणजे ताटांची चळत, शेवटी ठेवलेलं आधी निघतं. ठेवणं म्हणजे पुश, काढणं म्हणजे पॉप. दोघांनी तर पत्राला वहीची पानं जोडली होती, खोडलेल्या बाणांसकट. अशी पानं मला फार आवडतात. माणूस नेमका कुठे अडकला ते कोडपेक्षा खाडाखोडीत लवकर दिसतं.

उत्तरांआधी एक सांगून ठेवते. कोडच्या ओळी इथे मराठी नावांनी दिल्या आहेत. ही काही गंमत नव्हे. २००८ मध्ये पायथन ३ आलं, तेव्हापासून व्हेरिएबलची नावं देवनागरीत चालतात. 'सेल्फ' (वस्तूने स्वतःला म्हणायचं नाव) हाही राखीव शब्द नाही, नुसता रिवाज आहे, म्हणून त्या जागी मी 'स्वतः' लिहिते. 'व्हाइल' (अट खरी तोवर फिरत राहा), 'डेफ' (फंक्शनची सुरुवात), 'नन' (काहीच नाही) हे मात्र रोमन लिपीतच टंकायचे. आणि 'स्वतः'मधला विसर्ग खरा विसर्गच हवा. आपल्यापैकी निम्मे लोक तिथे अपूर्णविराम मारतात. कागदावर ते खपून जातं, पायथन लगेच सिंटॅक्स एरर तोंडावर फेकतं.

प्रश्न : ताई, मी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. लिंक्ड लिस्टच्या सुरुवातीला नवा नोड घालायचं फंक्शन लिहिलं. एक आकडा घातला की प्रोग्राम तोच आकडा छापत सुटतो, थांबायचं नावच घेत नाही. मैत्रिणीचा कोड अगदी असाच आहे आणि तो नीट चालतो. तिच्या दोन ओळी तेवढ्या खालीवर आहेत. एवढ्याने काय होतं?

उत्तर : एवढ्यानेच होतं. तू लिहिलंस ते असं :

स्वतः.पहिला = नवा
नवा.पुढचा = स्वतः.पहिला

आता वहीत तीन चौकोन काढ, ३, ५, ७. एकातून दुसऱ्यात बाण, आणि ३ च्या डोक्यावर 'पहिला' अशी चिठ्ठी. बाजूला चौथा चौकोन काढ, ९ चा. त्याच्यावर 'नवा' ही चिठ्ठी. तुझी पहिली ओळ 'पहिला' ही चिठ्ठी ३ वरून उचलते आणि ९ वर चिकटवते. दुसरी ओळ म्हणते, 'पहिला' जिथे आहे तिकडे ९ चा बाण ने. पण 'पहिला' तर आता ९ वरच आहे. म्हणजे ९ चा बाण ९ लाच. साप आपलीच शेपटी तोंडात धरून बसला. छापणारा व्हाइल लूप पुढे पुढे जातो आणि दर वेळी ९ पाशीच येतो.

ओळींची अदलाबदल केलीस की 'पहिला' अजून ३ वर असतानाच ९ चा बाण ३ कडे जातो, आणि मग चिठ्ठी हलते. बाण आधी, नाव नंतर. ही सवय हाताला लागली की लिंक्ड लिस्टमधल्या निम्म्या चुका होतच नाहीत.

तू विचारलं नाहीस, पण ३, ५, ७ चं काय झालं? तुझ्या पहिल्या ओळीनंतर ३ कडे बोट दाखवणारं कुणीच उरलं नाही. पायथन प्रत्येक वस्तूकडे किती नावं आणि किती बाण बोट दाखवताहेत ते मोजून ठेवतं. मोजणी शून्यावर आली की ती जागा परत घेतं. ३ गेला, त्याच्यासोबत त्याचा बाण गेला, म्हणून ५ गेला, मग ७. एका ओळीत अख्खी साखळी साफ, आणि एररचं नावही नाही.

छापणाऱ्या फंक्शनमध्ये सध्यापुरता एक मोजणीदार ठेव. वीस पावलं झाली की थांब म्हणावं. गोल झालाय हे कळायला तेवढं पुरतं. नीट शोधायचंच असेल तर कासव-ससा पद्धत आहे. एक नाव एकेक पाऊल टाकतं, दुसरं दोन-दोन. साखळीला शेवट असेल तर ससा 'नन'पाशी पोचतो. गोल असेल तर तो फिरून कधीतरी कासवाला गाठतोच.

प्रश्न : महोदया, मी निवृत्त आहे. ऐन उमेदीत पास्कलमध्ये लिंक्ड लिस्ट भरपूर लिहिल्या. आता नातवाबरोबर पायथन शिकतोय. पण यात पॉइंटरच नाही. पॉइंटरशिवाय लिंक्ड लिस्ट कशी होते? आणि काढून टाकलेला नोड 'डिस्पोज' कुठे करायचा?

उत्तर : पत्र वाचून बरं वाटलं. पास्कलमधलं ते टोपीसारखं चिन्ह आठवतं ना? पायथनमध्ये ती टोपी सगळ्यांनीच घातली आहे, म्हणून कुणाच्याच डोक्यावर दिसत नाही. इथलं प्रत्येक नाव पॉइंटरच, म्हणजे वस्तूच्या जागेकडे दाखवणारं बोटच आहे. 'क = ५' लिहिलं तर क नावाच्या डब्यात ५ जात नाही. ५ ही वस्तू वेगळी असते आणि क ही तिला चिकटवलेली चिठ्ठी. त्यामुळे नोडच्या क्लासमध्ये 'माहिती' आणि 'पुढचा' अशी दोन नावं ठेवली की काम झालं. तुमचा 'निल' इथे 'नन' आहे. एक गोष्ट मात्र येत नाही. सीवाल्यांसारखं पत्त्यात चार मिळवून पुढे उडी मारायची सोय इथे नाही. पास्कलवाल्यांना तिची आठवणही येणार नाही.

डिस्पोज, म्हणजे नोडची जागा हाताने परत देणं, इथे करायचं नसतं. वर सांगितलेली मोजणी ते काम करते. अपवाद दुहेरी साखळीचा, म्हणजे ज्यात 'पुढचा'बरोबर 'मागचा'ही असतो. तिथे शेजारचे दोन नोड एकमेकांकडे बोट दाखवतात. बाहेरची सगळी नावं गेली तरी त्यांची एकमेकांमुळे होणारी मोजणी शून्यावर येत नाही. अशी अडकलेली वर्तुळं हुडकून मोकळी करणारा वेगळा सफाईवाला २००० साली पायथन २.० मध्ये आला. तो अधूनमधून फिरतो. तुम्हाला त्याला हाक मारावी लागत नाही.

तुमच्या पिढीला आवडेल अशी एक गोष्ट सांगते. लिंक्ड लिस्ट १९५५-५६ मधली. ॲलन न्यूएल, क्लिफ शॉ आणि हर्बर्ट सायमन यांनी गणितातली प्रमेयं सिद्ध करणारा प्रोग्राम लिहिताना ती बनवली. चौकोन आणि बाणांचं जे चित्र आज प्रत्येक फळ्यावर निघतं, ते न्यूएल आणि शॉ यांच्या १९५७ च्या निबंधात आहे. नातू चित्र काढायचा कंटाळा करत असेल तर त्याला सांगा, ज्यांनी हे शोधलं त्यांनीही काढलं होतं.

प्रश्न : लिंक्ड लिस्ट उलटी करायचा कोड एका ओळीत होतो असं सीनियरने सांगितलं. मी लिहिला : 'मागचा, आत्ताचा, आत्ताचा.पुढचा = आत्ताचा, आत्ताचा.पुढचा, मागचा'. रन केला की एरर येते, 'ननटाइप' ऑब्जेक्टला 'पुढचा' नावाचा ॲट्रिब्यूट नाही म्हणून. तिन्ही किमती तर बरोबर आहेत. दोन दिवस झाले, डोकं चालेनासं झालंय.

उत्तर : डोकं चालतंय. तिन्ही किमती खरंच बरोबर आहेत, चुकला आहे तो डावीकडचा क्रम. हा प्रश्न मला फार आवडला, म्हणून सावकाश सांगते.

'अ, ब = ब, अ' लिहून दोन किमतींची अदलाबदल आपण इतक्या वेळा केलेली असते, की या ओळीत सगळं एका क्षणात होतं असं वाटायला लागतं. तसं होत नाही. पायथन आधी उजवी बाजू पूर्ण सोडवून बाजूला ठेवतं. मग डावीकडची नावं एकेक करून, डावीकडून उजवीकडे, भरतं. 'अ, ब'ला याने फरक पडत नाही, कारण त्या दोन नावांचा एकमेकांवर भार नाही. तुझ्या तिसऱ्या नावाचा आहे. 'आत्ताचा.पुढचा' म्हणजे कुणाचा पुढचा, हे 'आत्ताचा' त्या घडीला कुठे आहे त्यावर ठरतं.

१ → २ → ३ घे. मागचा 'नन', आत्ताचा १. उजवीकडून निघालं : १, २, नन. आता डावीकडे भर. मागचा झाला १. आत्ताचा झाला २. आता 'आत्ताचा.पुढचा'त नन टाकायचं. कुणाच्या? तू म्हणशील १ च्या. पण चिठ्ठी सरकून २ वर गेली आहे. म्हणून २ चा बाण तुटला, १ चा तसाच राहिला, आणि ३ कायमचा सुटला. दुसऱ्या फेरीत आत्ताचा २. उजवीकडून निघतं : २, नन, १. मागचा झाला २, आत्ताचा झाला नन, आणि मग 'नन'चा पुढचा लिहायला गेलास. तिथे एरर.

आली ते नशीब. शांतपणे चुकीचं उत्तर देणारे कोड मी जास्त पाहिलेत.

बरोबर ओळ अशी :

आत्ताचा.पुढचा, मागचा, आत्ताचा = मागचा, आत्ताचा, आत्ताचा.पुढचा

'मागचा' कुठेही ठेव, एकच बघ : 'आत्ताचा.पुढचा' हा 'आत्ताचा'च्या आधी यायला हवा. पहिल्या प्रश्नात सांगितलं तेच पुन्हा, बाण आधी.

तुझ्या सीनियरला रागवू नकोस, पण मी स्वतः चार ओळीच लिहिते. 'पुढे' नावाची एक तात्पुरती चिठ्ठी घ्यायची. पुढे = आत्ताचा.पुढचा, आत्ताचा.पुढचा = मागचा, मागचा = आत्ताचा, आत्ताचा = पुढे. सहा महिन्यांनी वाचला तरी कळतो. आणि हेच रिकर्शनने (फंक्शनने स्वतःलाच हाक मारत) करायचा मोह झाला तर लक्षात ठेव, पायथनची रिकर्शनची मर्यादा मुळात १००० आहे. दहा नोडवर छान चालणारं फंक्शन दोन हजार नोडवर आडवं होतं.

प्रश्न : मुलाखतीची तयारी करतोय. पायथनमध्ये आयती लिस्ट असताना लिंक्ड लिस्ट कशासाठी? 'मध्ये घालणं-काढणं झटपट होतं' हे पाठ केलंय, पण मनाला पटत नाही.

उत्तर : पटत नाही ते योग्यच आहे, कारण ते वाक्य अर्धवट आहे. मधल्या नोडवर तुमचं बोट आधीपासून असेल, तरच घालणं-काढणं झटपट. नसेल तर तिथवर चालत जावं लागतं आणि सगळी बचत वाटेतच संपते. पायथनची लिस्ट म्हणजे पत्त्यांची सलग रांग आहे. पाचहजारावा घटक हवा तर ती थेट तिथे हात घालते. लिंक्ड लिस्ट पाच हजार पावलं चालते.

लिस्टचं दुखणं तिच्या पुढच्या टोकाला आहे. शेवटचा घटक काढला तर बाकीच्यांना हलावं लागत नाही. पहिला काढला तर मागचे सगळे एकेक घर पुढे. एक लाख घटकांची लिस्ट 'पॉप(०)' करत, म्हणजे दर वेळी पहिला घटक काढत, रिकामी केलीत तर एकूण सरकणी सुमारे ५०० कोटी होतात. हे सरकवणं आत सी भाषेत घाऊक होतं म्हणून लहान लिस्टवर जाणवत नाही. मोठ्या लिस्टवर चांगलंच जाणवतं. दोन्ही टोकांना काम असेल तर 'कलेक्शन्स'मधला 'डेक' घ्या. तो २००४ मध्ये पायथन २.४ बरोबर आला. आणि तो आतून काय आहे? दुहेरी लिंक्ड लिस्टच, फक्त सीपायथनमध्ये (सी भाषेत लिहिलेल्या नेहमीच्या पायथनमध्ये) एका नोडला एक घटक नसून ६४ घटकांचा ठोकळा असतो.

मुलाखतीत सांगायला याहून चांगलं उदाहरण हवं असेल तर 'फंकटूल्स'मधलं 'एलआरयू कॅश' बघा. फंक्शनची अलीकडची उत्तरं ते जपून ठेवतं. जागा भरली की सगळ्यात जास्त वेळ न विचारलेलं उत्तर टाकून देतं. तिथे डिक्शनरी आणि गोल जोडलेली दुहेरी साखळी एकत्र नांदतात. नोड कुठे आहे ते डिक्शनरी एका फटक्यात सांगते, म्हणजे चालत जाणं वाचलं. मग दोन-चार बाण बदलून साखळी तो नोड उचलून 'नुकताच वापरलेला' या जागी नेते. 'झटपट' हा शब्द इथे खरा ठरतो.

स्टॅकसाठी आयती लिस्ट पुरते. 'अपेंड' म्हणजे पुश, 'पॉप' म्हणजे पॉप. लिंक्ड लिस्टने स्टॅक लिहा असं कुणी सांगितलंच तर दोन्ही कामं पहिल्या नोडपाशी करा. शेपटीपाशी केलीत तर पॉपच्या वेळी शेवटून दुसरा शोधायला दर वेळी अख्खी साखळी तुडवावी लागेल.

प्रश्न : मी छोटा टेक्स्ट एडिटर बनवतेय. अनडूसाठी एक स्टॅक आणि रीडूसाठी दुसरा, एकाच क्लासचे. पण एकात पुश केलं की दुसऱ्यातही तेच दिसतं. स्टॅक दोन आहेत हे मी दहादा तपासलं.

उत्तर : स्टॅक दोनच आहेत. आतली लिस्ट एक आहे. तुमच्या पत्रातली 'इनिट'ची (नवा स्टॅक बनताना चालणाऱ्या फंक्शनची) ओळ बघा. कंसात 'घटक=[]' लिहिलंय. ती रिकामी लिस्ट दर वेळी नवी बनत नाही. पायथन 'डेफ'ची ओळ वाचतं तेव्हा ती एकदाच बनते, आणि ज्या ज्या स्टॅकला तुम्ही काही दिलं नाहीत त्या सगळ्यांना तीच मिळते. कंसात 'घटक=नन' ठेवा आणि आत नन असेल तर नवी लिस्ट बनवा.

या चुकीने माझे तीन दिवस खाल्ले आहेत. एका नोकरीत आम्ही फॉर्म भरायचं साधन बनवत होतो. एका खिडकीत अनडू केलं की दुसऱ्या खिडकीतली ओळ इकडे येऊन पडायची, आणि तीही कधीकधीच. मी दोष दिला थ्रेड्सना, म्हणजे प्रोग्राममध्ये एकाच वेळी चालणाऱ्या कामांना. लॉक घातले, लॉग लिहिले, एका सहकाऱ्याशी वादही घातला. कंसातली ती रिकामी जोडी शंभरदा डोळ्यांखालून गेली होती. शेवटी दोन्ही लिस्टचा 'आयडी' (वस्तूची ओळख सांगणारा आकडा) छापून बघितला तर आकडा एकच. दुरुस्तीला दोन ओळी लागल्या. सहकाऱ्याने कॉफी मागितली नाही, पण त्याचा चेहरा मागत होता.

तुम्हाला पुढे लागेल म्हणून सांगते : वापरणाऱ्याने अनडू केल्यावर काही नवं टंकलं, की रीडूचा स्टॅक रिकामा करा. नाहीतर रीडू केल्यावर अशा मजकुराचा बदल परत येईल जो आता अस्तित्वातच नाही.

प्रश्न : कंस जुळतात का ते तपासायचा प्रोग्राम स्टॅक वापरून लिहिला. सगळी उदाहरणं बरोबर आली तरी निम्मे गुण गेले. का? आणि रिकाम्या स्टॅकवर पॉप केलं तर नन परत द्यावं की एरर?

उत्तर : दुसऱ्याचं आधी. एरर. नन हा स्वतःच कुणीतरी पुश केलेला घटक असू शकतो, मग 'रिकामा होता' आणि 'नन मिळाला' यांत फरक कसा करणार? पायथनची लिस्टही अशा वेळी इंडेक्स एररच देते.

गुणांचं म्हणाल तर कोड पाठवला नाहीत, म्हणून पैज लावते : शेवटची तपासणी राहिली आहे. मजकूर संपला की स्टॅक रिकामा आहे का ते बघावं लागतं. '((' दिलं तर तुमचा प्रोग्राम 'बरोबर' म्हणेल, कारण चुकायची संधीच आली नाही. मग नुसतं ')' देऊन बघा, तिथे पॉप रिकाम्यावर आदळेल. पॉप करण्याआधी स्टॅक रिकामा असेल तर 'चूक' म्हणून परत फिरायचं. तिसरं, काहीच न देता चालवा. रिकामा मजकूर बरोबर धरायचा असतो.

(जाता जाता : स्टॅकचा उगम ॲलन ट्युरिंगच्या १९४६ च्या लिखाणात सापडतो. उपकार्यक्रमातून परत कुठे यायचं तो पत्ता ठेवण्यासाठी त्याने शब्द वापरले होते 'बरी' आणि 'अनबरी', म्हणजे पुरणं आणि उकरणं. पुश-पॉपपेक्षा मला हे जास्त आवडतात.)

आणि '([)]' हे नक्की चालवा. उघडणारे आणि मिटणारे कंस प्रत्येक जातीचे सारखेच आहेत, त्यामुळे नुसती मोजणी करणारा प्रोग्राम याला पास करतो. स्टॅकमध्ये मात्र ')' येतो तेव्हा वर '[' बसलेला असतो.